ग्दान्स्क की डान्झिग: एका विकि-भांडणाचा निकाल

बाल्टिक समुद्रावरच्या ग्दान्स्क या बंदराचं आजचं नाव काय, यावर कुणाचंच दुमत नाही. शहर पोलंडमध्ये आहे आणि इंग्रजी विकिपीडियावरच्या लेखाचं शीर्षकही तेच आहे. भांडण लागलं ते जुन्या काळावरून. सतराव्या शतकातल्या एखाद्या माणसाच्या चरित्रात या शहराचा उल्लेख आला, तर तिथे ग्दान्स्क लिहायचं की डान्झिग हे त्याचं जर्मन नाव? एवढ्याशा प्रश्नावरून इंग्रजी विकिपीडियाच्या सुरुवातीच्या वर्षांत माणसं हमरीतुमरीवर आली आणि २००५ साली चक्क मतदान घेऊन निकाल लावावा लागला. 'सर्वांत फुसकी संपादन-युद्धं' अशी एक थट्टेची यादी तिथल्या सदस्यांनी स्वतःच बनवली आहे. तिच्यात या प्रकरणाला मानाचं पान आहे.

मला ते फुसकं वाटत नाही. शहरांची नावं बदलणं आपल्याकडे नवं नाही, आणि मराठी विकिपीडियावर चार दिवस काम केलेल्या कुणालाही या भांडणातली पात्रं ओळखीची वाटतील. शिवाय हे प्रकरण मिटलं ते कुणी तरी बरोबर ठरलं म्हणून नाही. कोण बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवून, कुठल्या वाक्यात काय लिहायचं आणि लिहिताना एकमेकांशी कसं वागायचं एवढंच ठरवलं, म्हणून मिटलं.

दोघांचंही खरं

या शहराचा पहिला लेखी उल्लेख ९९७ सालचा. तेव्हा तो पोलिश राज्यकर्त्यांचा मुलूख होता. १३०८ मध्ये ट्युटॉनिक नाइट्स या जर्मन लढाऊ धर्मसंघाने शहर घेतलं. पुढे ते हान्सा या व्यापारी शहरांच्या संघात सामील झालं, धान्य आणि लाकडाच्या व्यापारावर गब्बर झालं. १४५४ मध्ये शहराने धर्मसंघाविरुद्ध बंड केलं आणि पोलंडच्या राजाचा आश्रय घेतला. तेरा वर्षं लढाई चालली आणि १४६६ च्या तोरुनच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्यानंतर थेट १७९३ पर्यंत, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त वर्षं, शहर पोलंडच्या राजमुकुटाखाली होतं. मात्र तिथले बहुतेक नागरिक जर्मन बोलत. नगरपालिकेचा कारभार जर्मनमध्ये चाले, आणि राजापुढे मान तुकवूनही शहर आपले विशेषाधिकार प्राणपणाने जपत असे. १७९३ मध्ये प्रशियाने ते गिळलं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, १९२० ते १९३९, ते जर्मनीचंही नव्हतं आणि पोलंडचंही. राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं ते मुक्त शहर होतं. १ सप्टेंबर १९३९ रोजी तिथल्याच वेस्टरप्लाटे या पोलिश ठाण्यावर जर्मन युद्धनौकेच्या तोफा धडाडल्या आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटलं. १९४५ नंतर जर्मन रहिवासी पळाले किंवा हाकलले गेले आणि त्यांच्या घरांत पोलिश कुटुंबं राहायला आली. त्यातली बरीचशी पूर्वेकडचा आपला मुलूख सोव्हिएत संघाकडे गेल्यामुळे स्वतःच उठवली गेलेली होती.

आता हे दोन गट एका विकिवर आणून बसवा. पोलिश संपादकाला डान्झिग म्हटलं की १९३९ आठवणार. ज्याचे आजी-आजोबा तिथून परागंदा झाले त्या जर्मन संपादकाला सतराव्या शतकातलं ग्दान्स्क वाचून आपलं नाव पाटीवरून खरवडून काढल्यासारखं वाटणार. संदर्भ आणा म्हणावं, तर संदर्भ दोघांकडेही भरपूर. इंग्रजीतल्या इतिहासग्रंथांत दोन्ही नावं सर्रास सापडतात. विकिपीडियाचा नेहमीचा उपाय, म्हणजे विश्वासार्ह स्रोत काय म्हणतो ते लिहा, इथे थिटा पडला.

इतिहासाच्या पानावर काय दिसतं

नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ. तापमापकाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो फॅरनहाइट १६८६ मध्ये या शहरात जन्मला. म्हणजे पोलंडच्या राजाची सत्ता, घर जर्मन भाषकांचं, आणि पुढचं बहुतेक आयुष्य हॉलंडमध्ये. 'फॅरनहाइटचा जन्म डान्झिग येथे झाला' असं वाक्य लेखात आहे. एक जण येतो आणि डान्झिगच्या जागी ग्दान्स्क करतो. दुसरा ते उलटवतो, म्हणजे तो बदल रद्द करून आधीचा मजकूर परत आणतो. तिसरा समेट म्हणून 'डान्झिग (आताचे ग्दान्स्क)' असं करतो. चौथ्याला कंस खुपतो, तो 'ग्दान्स्क (जर्मन: डान्झिग)' असा क्रम फिरवतो. पहिला परत येतो. चार माणसं राबली, लेखातला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या इतिहासाच्या पानावर डझनभर नोंदी चढल्या, आणि फॅरनहाइटविषयी वाचकाला नवं काही कळलं का? एक अक्षर नाही.

अशी वाक्यं शेकड्यांनी होती. आकाशाचा वेध घेणारा योहानेस हेवेलियस याच गावचा, जन्म १६११. तत्त्वज्ञ शोपेनहाउअर इथलाच, १७८८ चा. (गंमत म्हणजे १७९३ मध्ये प्रशियाचा अंमल आला तेव्हा तो सहन न होऊन शोपेनहाउअर कुटुंबाने गाव सोडून हॅम्बुर्ग गाठलं. घराणं जर्मन, पण प्रशिया नको. माणसांच्या निष्ठा चौकोनात बसत नाहीत त्या अशा.) तह, वेढे, जहाजं, बिशप, बिअर, ज्या ज्या लेखात या शहराचं नाव येई तिथे तिथे हीच ओढाताण. एका लेखावरचं भांडण थकून थांबे तोवर दुसऱ्यावर सुरू होई, आणि तिथे तेच मुद्दे पुन्हा पहिल्यापासून.

यात वागणुकीच्या तीन चुका सगळीकडे सारख्या दिसतात. मला त्या मूळ वादाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

पहिली चूक सारांशाच्या चौकटीतली. संपादन साठवण्याआधी आपण काय केलं आणि का केलं हे एका ओळीत लिहायची ती जागा. भांडणात ती एक तर रिकामी सोडली जाते किंवा तिच्यात नुसतं 'उलटवले' एवढंच पडतं. त्याहून वाईट म्हणजे समोरच्याच्या बदलाला 'उत्पात' म्हणणं. विकिवर उत्पात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे: जाणूनबुजून लेखाची नासधूस करणं, शिव्या घालणं, परिच्छेदच्या परिच्छेद उडवणं. डान्झिगचं ग्दान्स्क करणारा माणूस चुकत असेल, पण तो त्याच्या समजुतीप्रमाणे लेख सुधारतोय. त्याला उत्पाती म्हटलं की चर्चेची दारं तिथेच बंद. आणि एकदा साठवलेला सारांश साध्या सदस्याला पुसता येत नाही. लेखातलं वाक्य पुढे दहा वेळा बदलतं, पण कुणी कुणाला काय म्हटलं ते इतिहासाच्या पानावर कायमचं राहतं.

दुसरी चूक नियमाच्या काठावर बसण्याची. इंग्रजी विकिपीडियाने २००४ च्या अखेरीस तीन उलटवण्यांचा नियम पक्का केला: एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवायचं नाही, नाहीतर संपादनबंदी. हेतू असा की माणसाने तिसऱ्या वेळेआधीच थांबून चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या स्वतंत्र पानावर, जावं. प्रत्यक्षात काय होतं, तर हिशेब. तीन वेळा उलटवायचं, घड्याळ बघायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. कायदा पाळला गेला, रीत मात्र मोडली. तीन ही हद्द आहे, कुणाच्या हक्काचा शिधा नव्हे, असं नियमाच्या पानावर वेगळं बजावावं लागलं ते अशाच प्रकारांमुळे.

तिसरी चूक चर्चा पानावरची. त्या काळी उत्तर देण्यासाठी बटण नव्हतं. आधीच्या माणसाच्या ओळीपेक्षा एक अपूर्णविराम जास्त देऊन आपली ओळ उजवीकडे सरकवायची आणि शेवटी चार लाटांची चिन्हं देऊन सही करायची. वाद वाढला की अपूर्णविराम वाढत जातात, मजकूर उजव्या कडेला चेपत जातो आणि शेवटी एका ओळीत तीन-तीन शब्द उरतात. मग कुणी तरी 'पुन्हा डावीकडून' म्हणून सुरुवात करतो. अशी पानं वाचून बघा. दहाव्या अपूर्णविरामाच्या सुमारास लेखाचा विषय बहुधा संपलेला असतो. पुढे चालते ती समोरच्याच्या हेतूची, राष्ट्रीयत्वाची आणि अकलेची चर्चा. त्यातून ही चर्चा एका जागी नव्हती. फॅरनहाइटच्या पानावर एक, हेवेलियसच्या पानावर दुसरी, शहराच्या पानावर तिसरी, त्यामुळे एका ठिकाणी ठरलेलं दुसऱ्या ठिकाणी कुणाच्या गावीही नसे.

प्रश्नाचे तुकडे

फेब्रुवारी-मार्च २००५ मध्ये शहराच्या चर्चा पानाचं एक उपपान काढून तिथे मतदान झालं. विकिवर मतदान हे तसं कमीपणाचं मानतात. चर्चेतून सहमती व्हावी, डोकी मोजू नयेत असा तिथला दंडक आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. डोकी मोजायची म्हटली की माणसं आपापल्या गोटातून डोकी गोळा करून आणतात, एकाच माणसाची चार खाती उगवतात. तरीही या वेळी मतदान कामी आलं. कारण काय विचारायचं ते विचारपूर्वक ठरवलं होतं.

'शहराचं खरं नाव कोणतं' असा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच. तो असता तर मतदान म्हणजे आणखी एक रणांगण झालं असतं. काळाचे तुकडे पाडले गेले: १३०८ पूर्वी काय लिहायचं, त्यानंतर पोलिश राजाच्या आश्रयाला जाईपर्यंत काय, तिथून १७९३ पर्यंत काय, १७९३ ते १९४५ काय, आणि पुढे काय. चरित्रलेखांचा प्रश्न वेगळा काढला. दोन्ही नावं एकत्र द्यायची का, हा आणखी वेगळा. आणि ठरलेलं अमलात कसं आणायचं, यावरही स्वतंत्र मत घेतलं.

याचा परिणाम बघण्यासारखा आहे. अख्ख्या शहरावर हक्क सांगणाऱ्या माणसालाही १९४५ नंतर ग्दान्स्क किंवा एकोणिसाव्या शतकात डान्झिग हे मान्य करायला अडचण नव्हती. म्हणजे भांडणाचा बराचसा भाग मुळात भांडण नव्हताच. सगळा प्रश्न एका गाठोड्यात बांधल्यामुळे तो तसा दिसत होता. खरा पेच उरला तो पोलिश मुकुटाखालच्या तीन शतकांपुरता.

निकाल साधारण असा लागला. १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. चरित्रातला माणूस स्पष्टपणे जर्मन असेल तर पहिल्यांदा 'डान्झिग (ग्दान्स्क)' आणि पुढे फक्त डान्झिग. स्पष्टपणे पोलिश असेल तर त्याच्या उलट. जर्मनी आणि पोलंड या दोघांच्या इतिहासात ज्यांचा वाटा आहे अशा इतर गावांच्या बाबतीतही पहिल्या उल्लेखात दुसरं नाव जोडायचं. एखाद्या गावाला हे लागू पडतं की नाही यावर वाद झाला, तर ते नाव वापरणारा इंग्रजी संदर्भ चर्चा पानावर द्यायचा. या निकालाप्रमाणे नाव दुरुस्त करण्यासाठी केलेली उलटवणी तीनच्या नियमात मोजायची नाही, पण सवलत फक्त नावापुरती. त्याच फटक्यात दुसरं काही बदललंत तर नियम लागू. वारंवार सांगूनही कुणी निकालाविरुद्ध उलटवत राहिला तर त्याच्याशी उत्पातासारखं वागायचं. आणि शेवटी, सारांश नीट समजेल असा लिहा, शंका असेल तर समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला, नवख्यांवर तुटून पडू नका.

हा मजकूर एका साच्यात, म्हणजे हव्या त्या पानावर जसाच्या तसा लावता येणाऱ्या तयार चौकटीत, बसवून संबंधित लेखांच्या चर्चा पानांवर डकवला गेला.

निकालातलं कच्चं

इतिहासाच्या दृष्टीने हा निकाल ढोबळ आहे, हे म्हणायलाच हवं. पोलिश राजाच्या सत्तेतली तीन शतकं सरसकट डान्झिगच्या खात्यात गेली, त्यावर पोलिश सदस्य नाराज राहिले, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. 'स्पष्टपणे जर्मन' आणि 'स्पष्टपणे पोलिश' या शब्दांत तर भांडणाची नवी वखार भरून ठेवली आहे. हेवेलियस कोण? जर्मन बोलणारा, शहरात बिअरची भट्टी चालवणारा, पोलंडच्या राजाकडून मान मिळवणारा आणि आकाशातल्या एका तारकासमूहाला त्याच राजाची ढाल म्हणून नाव देणारा. स्पष्टपणे काय म्हणाल त्याला? त्या माणसाच्या काळात हा प्रश्न कुणी या शब्दांत विचारलाही नसता.

उलटवण्याच्या सवलतीबद्दल माझं मत आणखी वाईट आहे. जुन्या, मुरलेल्या सदस्यांच्या हातात ती काठी देण्यासारखी आहे. साच्याकडे बोट दाखवायचं आणि सटासट उलटवत सुटायचं, स्पष्टीकरण द्यायची गरज नाही, तीनची मर्यादाही नाही. सहमतीच्या नावाखाली मुजोरी करायला एवढं पुरेसं आहे. मतदान केलेल्यांपैकी कित्येक जण पुढे विकि सोडून जातात, नवे येतात, आणि त्या नव्यांना आपण ज्यात भागच घेतला नाही असा निकाल वर्षानुवर्षं पाळावा लागतो. निकालाचा फेरविचार कधी आणि कसा करायचा, हेही त्यात असायला हवं होतं.

आणि पूर्व युरोपच्या इतिहासावरची भांडणं काही यामुळे थांबली नाहीत. पुढच्या काही वर्षांत सदस्यांमधल्या वादांचा निवाडा करणाऱ्या लवाद समितीला त्या विषयाच्या लेखांसाठी खास कडक नियम लावावे लागले. गावाच्या नावापुरता तह झाला होता, मनं जुळली नव्हती.

तरीही टिकला तो का

एवढ्या त्रुटी असूनही त्या निकालाने एक काम चोख केलं: रोजच्या रोज होणारा तोच तोच वाद थांबवला. त्याचं श्रेय मी सालांच्या यादीला देत नाही, शेवटच्या त्या आचाराच्या ओळीला देतो. ती ओळ सहज, भर म्हणून टाकल्यासारखी दिसते, पण तिच्यावाचून बाकीचं सगळं कोसळलं असतं.

कल्पना करा, पोलंडमधला एखादा विद्यार्थी पहिल्यांदा इंग्रजी विकिपीडियावर आलाय. खातं नाही, नुसत्या अंकपत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेसवरून) संपादन करतोय. शोपेनहाउअरच्या लेखात त्याला डान्झिग दिसतं. त्याच्या दृष्टीने ही उघड चूक आहे. तो प्रामाणिकपणे ती सुधारतो. मतदान, कलमं, साचा, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. पाच मिनिटांत त्याचं काम उलटवलं जातं.

इथे दोन रस्ते फुटतात. उलटवणाऱ्याने सारांशात काहीच लिहिलं नाही, तर तो विद्यार्थी पुन्हा बदल करणार, पुन्हा उलटणार, मग त्याच्या चर्चा पानावर इशाऱ्याचा लाल साचा येणार, आणि संध्याकाळपर्यंत एक नवा शत्रू तयार. उलट सारांशात 'या काळासाठी डान्झिग वापरायचं असं २००५ च्या मतदानात ठरलं आहे, तपशील चर्चा पानावर' एवढं लिहिलं, तर तो जाऊन वाचतो. चिडेल, पटणार नाही, पण आपल्याला कुणी मूर्ख समजलं नाही हे त्याला कळतं. त्यातला एखादा तिथे थांबून वेगळ्या लेखावर काम करू लागतो. विकिला माणसं मिळतात ती अशी. या दोन रस्त्यांत फरक आहे तो डझन-दीड डझन शब्द टंकण्याचा.

पहिल्या उल्लेखात दुसरं नाव जोडायचं कलमही मुळात शिष्टाचाराचंच आहे. माहिती म्हणून त्याचा उपयोग आहेच, शोधणाऱ्याला दोन्ही नावांनी लेख सापडतो. पण त्याहून मोठं म्हणजे हरलेल्या बाजूचं नाव पानावर शिल्लक राहतं. ज्याला फक्त कंस मिळाला तो कुरकुरतो, ज्याचं नाव पार उडालं तो परत येतो.

आपल्या अंगणात

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि आपल्याकडे नावांचं पीक भरघोस आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीनंतर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. लेखाचं शीर्षक कोणतं असावं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग ग्दान्स्कसारखाच: जुन्या काळात काय लिहायचं?

औरंगाबादचंच घ्या. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं तेव्हा ते खडकी होतं. त्याचा मुलगा फतेहखान याच्या नावावरून ते फतेहनगर झालं आणि दख्खनच्या सुभेदारीवर असताना औरंगजेबाने त्याला औरंगाबाद केलं. निजामाच्या राज्याची आधीची राजधानी हीच, नंतर ती हैदराबादला गेली. आता मलिक अंबरच्या लेखात खडकी हवं, निजामाच्या लेखात औरंगाबाद हवं, आणि २०२३ नंतरच्या घटनांत छत्रपती संभाजीनगर हवं. पहिल्या उल्लेखापाशी कंसात 'आताचे छत्रपती संभाजीनगर' लिहिलं की वाचक कुठेच अडकत नाही. यात कुणाच्या भावना दुखावायचं कारण नाही, आणि तरी यावर भांडण होतं, कारण उत्साही सदस्य शोधा-आणि-बदला चालवून सगळा लेख एका फटक्यात नवा करतो.

असा फटका मारल्यावर नेमकं काय मोडतं ते जाता जाता सांगतो. लेखातल्या छायाचित्रांच्या फाइलींची नावं बदलतात, त्या नावाची फाइल मुळात नसतेच, म्हणून चित्राच्या जागी लाल दुवा उरतो. संदर्भात दिलेल्या जुन्या पुस्तकाचं शीर्षक बदलतं, म्हणजे कधीच न छापलेलं पुस्तक तयार होतं. अवतरणचिन्हातलं दुसऱ्याचं वाक्य बदलतं. लेखांची विषयवार विभागणी करणाऱ्या वर्गांची नावं बदलतात आणि लेख अस्तित्वातच नसलेल्या वर्गात जाऊन पडतो. हे दुरुस्त करायला येणारा माणूस नावाच्या बाजूचा किंवा विरोधातला नसतो, त्याला फक्त चित्र परत आणायचं असतं. पण घाईत तो सगळंच संपादन उलटवतो, त्यात नवं नावही जातं, आणि चर्चा पानावर त्याची जात, पक्ष आणि निष्ठा काढली जाते. इथे सारांशात 'चित्रांचे दुवे तुटले म्हणून उलटवले, नावाला हरकत नाही, नाव पुन्हा घालतो' एवढं असतं तर?

इंग्रजी विकिपीडियापेक्षा आपली अडचण एका बाबतीत वेगळी आहे. तिथे गर्दी होती, इथे माणसं मोजकी. चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, कौल मांडला तर पाच-सात सह्या येतात. तेवढ्यांच्या बळावर 'समाजाचं ठरलं' असं म्हणून सवलतीची काठी कुणाच्या हाती द्यावी, असं मला वाटत नाही. त्या कलमाची नक्कल आपण करू नये. मोजक्या माणसांत ओळखीही घट्ट असतात. कोण कुणाचा मित्र, कुणाला प्रचालकपदाच्या (विकिची देखरेख करणाऱ्या सदस्याच्या पदाच्या) निवडीवेळी कुणी विरोध केला होता, हे सगळ्यांना पाठ. अशा ठिकाणी उद्धटपणा शिव्यांतून क्वचित येतो. तो येतो अतिविनयातून. 'आपल्यासारख्या जाणकारांकडून ही अपेक्षा नव्हती' हे वाक्य चर्चा पानावर दिसलं की ओळखावं, भांडण लेखावरून माणसावर आलं. सरळ 'तुम्ही' म्हणून, कुठलं वाक्य, काय हरकत, कोणता संदर्भ एवढंच लिहिणं जास्त सभ्य आहे.

२००५ च्या मतदानातून आपण घ्यावं ते प्रश्नाचे तुकडे पाडणं. कौल मांडायचाच असेल तर 'औरंगाबाद की संभाजीनगर' असा मांडू नये. चार वेगळे प्रश्न मांडावेत: शीर्षक कोणतं, ऐतिहासिक लेखांत कोणत्या काळाला कोणतं नाव, २०२३ पूर्वी जन्मलेल्या व्यक्तींच्या जन्मस्थळाच्या रकान्यात काय, आणि संस्थांच्या व पुस्तकांच्या नावांना हात लावायचा की नाही. शेवटच्याचं उत्तर माझ्या मते एकच आहे: संस्थेने स्वतः बदलल्याशिवाय नाही. जन्मस्थळाचा रकाना मात्र खरंच वादाचा आहे, कारण लेखाच्या कडेला येणाऱ्या माहितीचौकटीत कंसाला जागा कमी आणि मोबाइलवर वाचकाला दिसतं तेही तेवढंच.

आणि ठरलेल्या मजकुराला ग्दान्स्कच्या साच्यात नसलेली एक ओळ जोडावी: हा निर्णय कोणत्या महिन्यात पुन्हा चावडीवर येईल.